पिंपळ तोडणारीचं मडकं

मडक्यातल्या गोवऱ्या विझत आल्या होत्या आणि मडकं उचलायला कोणी पुढे होत नव्हतं.

तू अंगणात तिरडीवर होतीस, वच्छला. तुझ्या तोंडावर माशा बसत होत्या आणि मी पदराने हाकलत होते. गावातले पुरुष कुंपणाला लागून उभे होते. ग्रामसभेत उभे राहतात तसे, सहीची वेळ आली की सटकता यावं म्हणून. खांदा द्यायला सगळे तयार होते. खांद्याला काही चिकटत नाही म्हणे. पण जो मडकं धरतो तोच अग्नी देतो, आणि पिंपळ तोडणारीला जो अग्नी देईल त्याच्या वंशावर तिचा शाप जातो. हे मोतीराम भाऊंनी सांगितलं. त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

मी रमेशला म्हटलं, "धर."

माझाच मुलगा. तुझा पुतण्या. मी धानाच्या रोवण्याला गेले की दिवसभर तुझ्या कडेवर असायचा. मासोळीचा काटा तू काढून दिल्याशिवाय घास घ्यायचा नाही. माझ्या हातावर त्याचा भरवसा नव्हता.

"माय, संगीता भरल्या दिवसाची हाय," तो म्हणाला. जमिनीकडे बघून म्हणाला.

"मले दिसते ते. मी आंधळी नाई."

"मंग कायले म्हनतं?"

दारातून सून ओरडली, "आई, यायले नोका सांगू! पाया पडतो तुमच्या!" आणि खरंच तेवढं पोट घेऊन वाकायला लागली. शेजारणींनी तिला धरलं.

मग मी साहेबांकडे वळले. तुझ्या त्या संस्थेचे साहेब, चंद्रपूरहून जीप करून आले होते, हातात झेंडूचा मोठा हार. जुन्या विहिरी, देवळं, वेशी पडण्यापासून वाचवतात ते. तुला किती गावं फिरवली त्यांनी. मी म्हटलं, "साहेब, तुम्ही धरा. तुमचा तर या गोष्टींवर विश्वास नाही."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "प्रश्न माझ्या विश्वासाचा नाही, बाई. गावाच्या भावना सांभाळाव्या लागतात. इथल्या वेशीचं काम अजून व्हायचं आहे."

मला तेव्हा जी किळस आली ती अजून गेलेली नाही. भात खाताना येते, भांडी घासताना येते. 

संस्थेच्या मॅडमने मला सांगितलं, बाई, आमच्या अंकासाठी वच्छलाबाईंवर काही लिहून द्या. माझी शाळा चौथीपर्यंत. तुझ्याबद्दल लिहायला तेवढी पुरते. गोड लिहा असं म्हणाली असती तर मी नाही म्हटलं असतं. ती तसं म्हणाली नाही. म्हणून जे आहे ते लिहिते, आणि तुलाच सांगते, कारण बाकीच्यांना सांगून झालं.

सुरुवात बावडीपासून झाली. आपल्या गावची बावडी गोंडराजाच्या वेळची, असं साहेब सांगत. पायऱ्या खाली उतरतात, मध्ये दगडाची कमान, कमानीखाली पाणी. हे सगळं आता दिसतं. आपण दोघी जावा लग्न होऊन या गावात आलो तेव्हापासून तो उकिरडा होता. कोंबड्यांची पिसं, दारूच्या बाटल्या, फुटक्या तसबिरी, बाळंतिणीच्या चिंध्या. एकदा मेलेलं डुक्कर टाकलं होतं, तर तलावाच्या पाळीपर्यंत वास यायचा. सावली गावच्या बाजाराला जाताना आपण तिथून नाक दाबून पळायचो.

मग संस्थेची माणसं आली. सिमेंट नको, चुनाच पाहिजे म्हणायची. म्हणून गावाने त्यांना चुनेवाले नाव पाडलं. घाण उपसायला बाया पाहिजे होत्या. आपण दोघी गेलो. तुझा नवरा जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती, मूल झालं नव्हतं, घरात तुझं मन लागायचं नाही. मी गेले ते मजुरीसाठी. तू गेलीस ते बाहेर निघायला मिळतं म्हणून.

त्या घाणीतही तुला हसू यायचं, याचा मला राग यायचा. तू गाळातून एक चप्पल काढून वर धरली होतीस. "बाई, पाहा, सरपंचाची चप्पल. निवडनुकीच्या दिवशी हरवली होती, सापडली." सगळ्या बाया हसल्या. मला ओकारी येत होती. चुन्याच्या हौदाचा वास तर त्याहून वाईट. बेलाचा गर, गूळ, उडदाचं पाणी घालून चुना मुरवत ठेवायचे. वर माश्या, खाली मुंग्या. तू हौदात बोट बुडवून चाखायला निघालीस. मी हातावर मारलं. तू म्हणालीस, "आपल्या चहात गूळ नाई अन् भिताडाले हाय. पाहू तं द्या कसा लागते."

कमानीच्या डोक्यावर पिंपळ होता. चांगला माणसाच्या मांडीएवढा. त्याची मुळं दगडांच्या सांध्यांत घुसून दगड फाकवत होती. साहेबांनी सगळ्यांना खाली उभं करून दाखवलं. हा काढला नाही तर कमान येत्या पावसाळ्यात खाली येईल, म्हणाले. ते खोटं नव्हतं. मलाही दिसत होतं. एका दगडाखाली तर हात जाईल एवढी फट पडली होती.

पण पिंपळाला कुऱ्हाड लावायला एक माणूस तयार होईना. ज्या विहिरीत मेलेलं डुक्कर टाकताना कोणाचा धर्म आडवा आला नाही, त्या विहिरीतला पिंपळ एका दिवसात देव झाला. बाया येऊन दोरा गुंडाळून गेल्या. त्याच बाया आदल्या वर्षी तिथे केर टाकायच्या. मी त्यांची नावं सांगू शकते. तूही सांगू शकायचीस, पण तू कधी सांगितली नाहीस.

मारुतीसमोर बैठक झाली. मोतीराम भाऊ बोलले. कोणाच्या लग्नात कोणी आधी जेवायचं इथपासून मेलेल्याचे पाय कुठल्या दिशेला ठेवायचे इथपर्यंत सगळं त्यांनाच माहीत असतं. म्हणाले, "पयला घाव ज्याच्या हातानं पडन, त्याचा वंश बुडते. बाकीचे घाव चालते. आता जिचा वंशच नाई, तिच्या हातानं पाडा ना पयला घाव. तिचं काय जाते?"

नाव कोणी घेतलं नाही. मान सगळ्यांनी तुझ्याकडे वळवली.

मला वाटलं, साहेब आता काही बोलतील. शिकलेला माणूस आहे, म्हणेल, हे काय चाललंय तुमचं. साहेब म्हणाले, "लोकांच्या भावना सांभाळूनच काम करावं लागतं. बाईंची स्वतःची तयारी असेल, तर आमची काही हरकत नाही."

हरकत नाही! 

मी तुझ्या लुगड्याचं टोक धरलं. "बस खाली."

"सोडा, बाई," तू म्हणालीस. "कमान पडन ना." आणि उभी राहिलीस. "आना कुऱ्हाड."

दुसऱ्या दिवशी झाडाला हळद लावली, कुंकू लावलं, नारळ फोडला, माफी मागितली. तू बाजूला कुऱ्हाड घेऊन उभी. तुझ्या कपाळाला कोणी बोट लावलं नाही. तू घाव घातलास. पांढरा चीक आला. मागे कोणीतरी बाई किंचाळली, जसं काय तिलाच लागलं. तुझ्या हातून कुऱ्हाड घ्यायला मग पुरुषांची रांग. आता घाव चालत होते ना. परत फुटू नये म्हणून बुंध्याला भोक पाडून त्यात हिंग आणि चुना भरायचा होता, तेही तूच भरलंस, कारण कोणी तेवढं जवळ येईना. कितीतरी दिवस तुझ्या हाताला हिंगाचा वास येत होता. मी म्हणायचे, तुझ्या हातचं वरण बिनाफोडणीचं पण चालेल.

त्यानंतर तू पिंपळवाली झालीस. नवीन पक्क्या घरांत कुठे ना कुठे पिंपळ उगवतोच. स्लॅबवर, गटाराच्या भिंतीत, संडासाच्या पायपात. कोणाच्या संडासात देव उगवला की दुपारी आपल्या मागच्या दाराशी बाई हजर. "वच्छलाबाई, पायपात पिंपळ आला जी. येता का?"

तू म्हणायचीस, "येतो. पन पुढच्या दारानं येतो. अन् चहा पाजाचा, कपात."

त्यांना पाजावा लागायचा. पण त्याच घरात हळद लागली की तुझ्यापर्यंत अक्षता पोचायच्या नाहीत. बावडी साफ झाली, पाणी आलं, उन्हाळ्यात तलाव आटला की अर्धं गाव तिथे. आणि तू पायरीवर दिसलीस की दिवस गेलेली पोरगी घागर रिकामी घेऊन परत फिरायची. तुझ्या हाताने मोकळं झालेलं पाणी, आणि तुझंच तोंड नको. मी अशा एका पोरीला तिथेच थांबवून विचारलं होतं, तुझ्या घरच्या पायपातला कोणी काढला गं? तर तू माझ्यावरच डाफरलीस. "पोटुशी हाय ते, बाई. भेव लागते. जाऊ द्या ना."

मग संस्था तुला बाहेर न्यायला लागली. घुग्घुसकडे कुठलंसं देऊळ, त्यावर एवढी धूळ की पिंपळाची पानंसुद्धा सिमेंटची दिसायची, असं तूच सांगितलंस. आलापल्लीच्या पुढे जंगलात एक पडकी चौकी. सिरोंच्याकडे किल्ल्याची भिंत. प्रत्येक गावात तीच बैठक, तीच भीती, आणि साहेबांचं तयार उत्तर, "आमच्याकडे एक बाई आहेत." माणसं पहार आणतात, घमेली आणतात, तशी तुला आणायचे.

आपलं सगळ्यात मोठं भांडण त्यावरून झालं. मी तांदूळ निवडत होते. म्हटलं, "ते तुया फुटक्या कपाळाचा धंदा करून राह्यले, वच्छले. समजते का तुले?"

"समजते. करू द्या."

"लाज नाई वाटत?"

"लाज लेकुरवाळीले, बाई. मले खिडकी. मी जीपमधी पुढं बसतो, साहेब मांगं."

मी सूप आपटलं. तू खाली बसून सांडलेले तांदूळ वेचायला लागलीस आणि वेचता वेचता सागवानाबद्दल सांगायला लागलीस. आलापल्लीचा साग किती उंच, वर बघितलं तर डोक्यावरचा पदर पडतो, पानं एवढी की एका पानात दोघींचं जेवण. मला ऐकायचं नव्हतं. ऐकलं. मी सावली आणि गडचिरोलीच्या पुढे कधी गेले नाही. जे काही जंगल मी बघितलं ते तुझ्या तोंडून. हे मी तुला कधी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तू पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं असतंस.

सिरोंच्याहून आलीस तेव्हा दोन दिवस नुसती खुशीत. काय झालं विचारलं तर म्हणालीस, "तिकडच्या बाया तेलुगू बोलते. मले अम्मा म्हनल्या."

मी म्हटलं, "ते सगळ्याच बायांले अम्मा म्हनते."

"म्हनत असन. मले बी म्हनले ना."

मला कळायला पाहिजे होतं की इथे गप्प बसावं. मला गप्प बसता येत नाही. तू ते मनाला लावून घेतलं नाहीस, भाकरीला पीठ मळत राहिलीस. पण नंतर कधी तो शब्द माझ्यासमोर काढला नाहीस.

इतके दिवस मला वाटायचं, तू मनातून हसतेस या लोकांना. शापबीप काही मानत नाहीस, जीपची मजा घेतेस. ते तसं नव्हतं. आपल्या न्हाणीच्या भिंतीत पिंपळाचं रोप आलं. तू तेव्हा बाहेरगावी. मी म्हटलं, एवढंसं तर आहे, आणि मुळासकट उपटून फेकलं. तू आलीस, भिंतीतलं भोक बघितलंस आणि पांढरी पडलीस.

"कोनं काढलं?"

"म्या काढलं. काऊन?"

"तुमच्या घरी लेकरं हायेत, बाई!" आयुष्यात पहिल्यांदा तू माझ्यावर आवाज चढवलास. "मी काय मेली होती का? दोन दिवस थांबता नाई आलं तुमाले?"

मी म्हटलं, "म्हणजे तू खरं मानतं हे?"

तू बराच वेळ भोकात ओली माती भरत राहिलीस. मग म्हणालीस, "नसन तं चांगलंच हाय. असन तं मायावर."

म्हणजे तू हे सगळं मानत होतीस. मानून कुऱ्हाड उचलत होतीस. कोणाच्या संडासातला, कोणाच्या देवळातला, कोणा अनोळखी गावाच्या वेशीतला, सगळा शाप गोळा करून आपल्या अंगावर घेत होतीस, आणि चहा कपात मागत होतीस. मला तुझी दया आली नाही. चीड आली. म्हटलं, अक्कल नाही तुला, असं कुठे काही नसतं. तू म्हणालीस, बरं. मग दुसऱ्या दिवशी मारुतीला जाऊन काहीतरी बोलून आलीस, आणि त्या वर्षी दर शनिवारी उपास धरलास. कशासाठी ते मला सांगितलं नाहीस. मला माहीत आहे, मी उपटलेल्या त्या वीतभर रोपासाठी. हे भांडण आपलं अर्धं राहिलं. मी जिंकले नाही आणि तू हरली नाहीस.

तुला पिंपळाने नेलं नाही. बीपीने नेलं. सरकारी दवाखान्यातली बाई घरी येऊन गोळ्या देऊन जायची आणि तू त्या फडताळात डब्याच्या मागे लपवायचीस. डोकं जड होते म्हणायचीस. मी विचारलं की "खाल्ली" म्हणायचीस, आणि मी बघायला गेले नाही कारण तुझं तोंड खोटं बोलणाऱ्याचं नव्हतं. सकाळी वेणी घालता घालता वाकडी झालीस. फणी केसातच होती. गडचिरोलीला नेईपर्यंत संपलीस. डॉक्टरने सांगितलं, डोक्यातली शीर फुटली. गावात येईपर्यंत त्या शिरेचा पिंपळ झाला.

तर मडकं.

साहेबांनी वेशीचं सांगितल्यावर मी खाली वाकले. मॅडम माझ्या बाजूला आली होती, लहान पोरगी, डोळे लाल. तिने हात पुढे केला. "बाई, मी घेते." तिने घेतलं असतं, खोटं नाही. मी म्हटलं, तू नको. वच्छला माझ्या घरची आहे. माझ्या घरातून तिला परक्या हाताने नेणार नाही.

मी मडक्यात फुंकर घातली. राख डोळ्यांत गेली. एक गोवरी आतून लाल होती. तिच्यावर काड्या टाकल्या, पेटली.

मोतीराम भाऊ म्हणाले, "बाईमानूस मसनात जात नाई."

"मंग तुमी धरा, भाऊ."

ते खोकले.

"तुमचं वय झालं. पोरं, नातवंडं सगळं झालं. तुमचं काय जाते?"

कोणी हसलं नाही. मीही हसवण्यासाठी म्हटलं नव्हतं.

संगीता ओरडत होती, "तुमी सासू नाई, वैरीन हा! माया लेकराले खासान तुमी!" मी तिच्यावर चिडले नाही. पोट तिचं होतं. भीतीही तिचीच. पुरुषांवर चिडले, कारण त्यांचं काहीच नव्हतं आणि भीती होती.

मडकं तापलं होतं, बोटं भाजत होती. मॅडमने कोपर धरलं होतं. रमेश मागे तिरडीला होता, त्याचं रडणं मला ऐकू येत होतं. नाल्याकाठी धान कापलेल्या बांधीतून जायचं होतं. आणि मी चालता चालता तुझ्याशीच भांडत होते. तू असतीस तर मडकं माझ्या हातातून ओढून घेतलं असतंस. ओरडली असतीस, संगीता भरल्या दिवसाची आहे, अक्कल आहे का तुम्हाला. हे मला माहीत होतं. तुला नको असलेलं काम मी तुझ्यासाठी करत होते.

अजून एक गोष्ट. माझा विश्वास नाही. पण हातात मडकं असताना माझ्या मनात आलं, असेल तर माझ्यावर येऊ दे, तिच्या पोटावर नको. तुझं खूळ मला चिकटलं. त्याचा मला अजून राग आहे. तुझा येतो, माझाही येतो.

अग्नी मी दिला.

तेरवीच्या आधी संस्थेने बावडीवर सभा घेतली. पायऱ्यांवर खुर्च्या, कमानीला कापडी फलक, त्यावर तुझा कुऱ्हाड घेतलेला फोटो. साहेब बोलले. म्हणाले, वच्छलाबाईंनी अंधश्रद्धेच्या मुळावर घाव घातला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ज्यांनी मान वळवली होती त्यांनीही वाजवल्या. मला वाटलं उठून सांगावं, साहेब, घाव पिंपळावर घातला तिने. अंधश्रद्धेवर तर तुम्ही तुमची जीप चालवली. गावोगाव चालवली. पण कमानीकडे नजर गेली. कमान उभी आहे, वच्छला. हे मी साहेबांच्या तोंडावर कबूल करणार नाही, पण दगडावर दगड असा बसलाय की पाण्यात तिची सावली पडते तेव्हा पूर्ण गोल दिसतो. खाली पाणी स्वच्छ. त्या लोकांनी चुना कुजवला नसता, तुला बाहेर काढलं नसतं, तर तिथे आजही डुक्कर सडत असतं आणि तू घरात भिंतीकडे तोंड करून बसली असतीस. हेही खरं आहे. दोन्ही खरं असलं की मला आणखीच किळस येते.

शेवटी साहेबांनी जाहीर केलं, वच्छलाबाईंच्या स्मरणार्थ बावडीच्या काठावर वडाचं झाड लावू. मी तेव्हा मात्र बसून राहिले नाही. म्हटलं, "लावा. मग त्याची मुळं कमानीत जातील, तेव्हा कोणाला बोलवाल? ती तर मेली." मॅडमने खाली मान घालून हसू दाबलं. झाड लावलं नाही.

घरी संगीता माझ्या हातचं पाणी घेत नव्हती. मी चुलीकडे गेले की ती मोठीला, आमच्या पहिल्या नातीला, घेऊन बाहेर जायची. रमेश मधल्या मध्ये. गाव दिवस धरून बसलं होतं. कोणी बोलत नव्हतं, पण बावडीवर घागर भरायला गेले की बाया विचारायच्या, "सून कशी हाय जी?" आणि माझ्या तोंडाकडे बघायच्या, मेल्याची बातमी वास मारते का ते. मीही जेवण सोडल्यात जमा होते. विश्वास नव्हता माझा. तरी भात गिळवत नव्हता.

कळा सुरू झाल्या तेव्हा गाडीत मला बसू दिलं नाही. संगीताच्या आईने दार लावून घेतलं. मी तुझ्या फडताळासमोर बसले. तुझ्या गोळ्या अजून डब्यामागे होत्या. पाकीट न फोडलेलं. 

दुपारी रमेशचा फोन आला. "माय, झाली."

"काय झालं?"

"पोरगी."

"संगीता?"

"बरी हाय. पानी मागून राह्यली." मग म्हणाला, "माय, काकीले अग्नी मीच द्याले पाह्यजे होता."

मी म्हटलं, "हो." आणि फोन ठेवला. त्याला बरं वाटावं म्हणून मी दुसरं काही म्हटलं नाही.

संध्याकाळी पानठेल्यासमोर मोतीराम भाऊ चार माणसांत म्हणत होते, "म्या सांगतलं नोतं? दुसरी बी पोरगीच. वंश बुडालाच का नाई?"

मी रस्ता ओलांडून गेले. "भाऊ, तुमी पोरीले जित्या मानसात धरत नाई का?"

ते पानाला चुना लावत राहिले. चारही माणसं दुसरीकडे बघायला लागली. मग मी घरी आले.

तू मेलीस, ती बीपीने. रमेश जिवंत आहे. संगीता जिवंत आहे. मोठी जिवंत आहे आणि नवी पोरगी जिवंत आहे, आवाज मोठा आहे तिचा. मडकं मी धरलं होतं. मीही जिवंत आहे.